गाडी टायर आतूनच का खाते?

निसानची 350झेड ही दोन आसनी स्पोर्ट्स कार 2002 साली आली. अमेरिकेत थोड्याच काळात तिच्या मालकांची एक तक्रार वारंवार ऐकू येऊ लागली. पुढची चाकं घूं-घूं करतात, बहुतेक बेअरिंग गेलं. बेअरिंग तपासावं तर ठणठणीत. टायर मात्र आतल्या कडेला खाल्लेला, तोही गाडीशेजारी उभं राहून दिसणार नाही अशा जागी.

आतून खाल्लेला टायर दिसला की बहुतेक जण कॅम्बरला दोष देऊन मोकळे होतात. समोरून पाहताना चाक वरच्या बाजूने गाडीकडे झुकलेलं असेल तर त्याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. स्पोर्ट्स कारमध्ये तो मुद्दाम ठेवलेला असतो. वळणावर गाडी बाहेर कलते, तिच्यासोबत बाहेरचं चाकही कलतं आणि टायर आपल्या बाहेरच्या कडेवर चढू पाहतो. आधीच एखादा अंश आत झुकवलेलं चाक नेमकं त्या वेळी रस्त्यावर सपाट बसतं. सरळ रस्त्यावर त्याची किंमत आतली कड मोजते हे खरं, पण ती वाटते तेवढी जबर नसते. नुसतं झुकलेलं चाक गाडीसोबत घरंगळतं सरळच. आतल्या कडेवर भार वाढतो, रबर जरा पिळलं जातं, इतकंच.

खरा खादाड आहे टो. वरून पाहिलं तर पुढची दोन्ही चाकं जवळपास समांतर हवीत. त्यांची तोंडं एकमेकांकडे वळली असतील तर टो-इन, फाकली असतील तर टो-आऊट. चाकाचं तोंड एकीकडे आणि गाडीची वाट दुसरीकडे, अशा वेळी टायर घरंगळतो आणि आडवा ओढलाही जातो. प्रत्येक चाक फक्त 0.2 अंश तिरकं धरा. हिशेब केला तर दर किलोमीटरला साधारण साडेतीन मीटर आडवी ओढ येते. 10,000 किलोमीटरमध्ये ती 35 किलोमीटर होते! यातली बरीचशी ओढ रबर वाकून सोसतं. टायरचा जो तुकडा जमिनीला टेकलेला असतो, त्याचा पुढचा भाग चिकटून राहतो. मागच्या टोकाला ताण असह्य झाला की रबर सुटतं आणि घासतं. दर फेरीला, टायरच्या नक्षीतल्या दर ठोकळ्याला हेच.

आता दोन्ही एकत्र आणा. कॅम्बरने भार आतल्या कडेवर आधीच टाकलेला, आणि टो-आऊट तिथेच घासणार. झीज कुठे व्हायची ते कॅम्बर ठरवतो आणि किती झपाट्याने ते टो. म्हणून भरपूर कॅम्बर ठेवूनही, टो शून्याजवळ असेल तर, टायर बऱ्यापैकी टिकतो.

हे ओळखायला चाकांचे कोन मोजणाऱ्या यंत्राआधी हात पुरेसा आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवा, म्हणजे टायरची आतली बाजू दिसेल. गाडी बंद, टायर थंड. तळवा ट्रेडवरून, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवरून, आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखी धार लागली तर दोष टोचा. आतून बाहेर जाताना धार लागली तर टो-इन, बाहेरून आत येताना लागली तर टो-आऊट. दोन्हीकडे गुळगुळीत पण आतली कड उतरती, तर मात्र कॅम्बरचा संशय घ्यावा. मधला पट्टा झिजला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर कमी. ट्रेडवर ठराविक अंतराने खळगे पडले असतील तर शॉकअब्जॉर्बर आणि बॅलन्सिंग बघा. घूं-घूं होते ती या धारांमुळेच. आवाज रस्त्याच्या पृष्ठभागाप्रमाणे बदलला तर टायर. मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुलवल्यावर बदलला तर बहुधा बेअरिंग.

350झेडमध्ये पुढचा कॅम्बर बदलायची सोयच कारखान्याने दिलेली नव्हती, फक्त टो बदलता यायचा. शिवाय पुढचे टायर अरुंद आणि मागचे रुंद, त्यामुळे पुढचा टायर मागे टाकून झीज वाटून घेण्याचा मार्ग बंद. बाजारात मग कॅम्बर जुळवता येणारे वरचे आर्म, म्हणजे चाकाला वरून धरणारे दांडे, विकले जाऊ लागले. माझ्या मते बऱ्याच मालकांनी त्यावर उगाच पैसे घातले. आधी टो आणि बुश बघायला हवे होते.

बुश म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरं. या गाडीच्या पुढच्या कम्प्रेशन रॉडमध्ये (चाकाला मागे-पुढे सरकू न देणाऱ्या दांड्यात) द्रव भरलेले बुश असतात आणि ते चिरून गळणं हा तिचा ओळखीचा आजार. ढकलणारं इंजिनाचं बळ मागच्या चाकांवर असतं, त्यामुळे पुढची चाकं रस्त्याच्या विरोधाने मागे रेटली जातात आणि ब्रेक लावला की आणखीच. बुश ढिला असेल तर चाक तेवढं मागे सरकतं आणि टो बदलतो. यंत्रावर स्थिर उभ्या गाडीचे आकडे अगदी बरोबर येतात, रस्त्यावर मात्र चाकं वेगळ्याच कोनात धावत असतात. म्हणून अलाइनमेंटआधी, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेण्याआधी, गाडी जॅकवर घेऊन बुश, बॉल जॉइंट (चाकाकडचे गोलाकार सांधे) आणि टाय रॉड (स्टिअरिंगची हालचाल चाकाला पोचवणारे दांडे) हलवून बघायलाच हवेत. खड्ड्यात चाक आपटून टाय रॉड वाकला असेल तर आपल्या रस्त्यांवर त्यात नवल काही नाही.

अलाइनमेंटच्या कागदावरच्या हिरव्या रंगावरही विसंबू नये. कंपनीने दिलेली मर्यादा पुष्कळदा इतकी रुंद असते की तिच्या एका टोकाला असलेला टोही हिरवाच छापला जातो. प्रत्यक्ष आकडे वाचावेत, डावी-उजवी बाजू सारखी मागावी. गाडी खाली बसवणाऱ्या छोट्या स्प्रिंग लावल्या असतील तर कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात, त्यामुळे नव्याने मोजणं आलंच.

एवढं करून आणलेली गाडी पहिल्याच दिवशी गप्प होणार नाही. धारा पडलेला टायर सरळ चालू लागला तरी त्या धारा झिजेपर्यंत घुमत राहतो, आणि आतली कड टायरच्या खाचांमधल्या 1.6 मिलिमीटरच्या झीज-खुणेपर्यंत आली असेल तर बाकीच्या पट्ट्यात कितीही ट्रेड उरला तरी तो बदलावाच लागतो.