केरळचा मृत्युदर बिहारपेक्षा जास्त कसा?

केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०२० साली दर हजार लोकसंख्येमागे बिहारमध्ये ५.४ आणि केरळात ७ मृत्यू झाले. केवळ हे दोन आकडे पाहून केरळच्या आरोग्यसेवेचे कौतुक पोकळ ठरवण्याचा मोह कोणालाही होईल. मात्र त्याच वर्षी दर हजार जिवंत जन्मांमागे बिहारमध्ये २७ अर्भके दगावली, तर केरळात ६. हे चारही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. कारण केरळात वृद्धांचे प्रमाण अधिक आहे आणि वृद्धांमध्ये मृत्यू अधिक होतात.

वयाचा हा पडदा दूर सारून समाजातील खरी विषमता कशी मोजावी, या प्रश्नावर विल्यम फार यांनी आपली सारी नोकरी वेचली. १८०७ साली इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात एका गरीब घरात जन्मलेले फार वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८३९ मध्ये लंडनच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात रुजू झाले आणि १८८० पर्यंत तिथेच राहिले. मृत्यूच्या नोंदीत कारण, वय आणि व्यवसाय नीट लिहिले गेले, तर कोणत्या वस्तीतील माणसे टाळता येण्याजोग्या कारणांनी मरतात हे दाखवता येईल, अशी त्यांची धारणा होती.

त्या काळी वर्गावर्गांतील फरक मृत्यूसमयीच्या सरासरी वयावरून मांडला जाई. इंग्लंडमधील आरोग्यसुधारक एडविन चॅडविक यांच्या १८४२ च्या अहवालात मँचेस्टरमधील सुशिक्षित व्यावसायिकांच्या कुटुंबांसाठी हे वय ३८, तर मजुरांसाठी १७ दिले आहे. विषमता भीषण होती यात शंका नाही, पण मोजपट्टी सदोष होती. ज्या वस्तीत मुलांची संख्या मोठी, तिथे मरणाऱ्यांचे सरासरी वय आपोआप खाली येते. विमागणिती नाइसन यांनी १८४४ मध्ये हा दोष दाखवला आणि एका वस्तीतील वयोगटनिहाय मृत्युदर दुसऱ्या वस्तीच्या वयोरचनेला लावून पाहिले. पुढे फार यांच्या सरकारी अहवालांतून अशा तुलनेची रीत रुजली.

ही रीत इतकी देखणी आहे की ती आकडे घेऊनच पाहायला हवी. प्रत्येकी १०,००० वस्तीची दोन काल्पनिक गावे घेऊ. पहिल्या गावात ९,००० तरुण आणि १,००० वृद्ध असून त्यांचे मृत्युदर हजारी अनुक्रमे ४ आणि ६० आहेत. म्हणजे ३६ अधिक ६०, एकूण ९६ मृत्यू. दुसऱ्या गावात ७,००० तरुण आणि ३,००० वृद्ध असून दर हजारी २ आणि ४० आहेत. म्हणजे १४ अधिक १२०, एकूण १३४ मृत्यू. दुसरे गाव दोन्ही वयोगटांत अधिक निरोगी असूनही तिथे मृत्यू जास्त! आता दोन्ही गावांत ८,००० तरुण आणि २,००० वृद्ध आहेत असे मानून तेच दर लावले, तर पहिल्या गावात १५२ आणि दुसऱ्यात ९६ मृत्यू येतात. वयोरचनेचा प्रभाव वजा झाला आणि उरला तो राहणीमानाचा, पाण्याचा, उपचारांचा फरक. याला वयोप्रमाणित मृत्युदर म्हणतात.

ही दृष्टी नसली की अंधश्रद्धेला आयते खाद्य मिळते. कोकणातील अनेक गावांतून तरुण मंडळी मुंबईला गेलेली असतात आणि मागे म्हातारी माणसे दिसतात. त्यावरून तिथल्या झऱ्याला किंवा ग्रामदेवतेला दीर्घायुष्याचे श्रेय देणे म्हणजे स्थलांतराला चमत्कार समजणे होय.

फार यांनी याच विचारातून इंग्लंडमधील निरोगी जिल्हे निवडले, तिथला हजारी १७ हा मृत्युदर कसोटी मानला आणि अन्यत्र त्याहून जास्त होणारे मृत्यू टाळता येण्याजोगे ठरवले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याबरोबर त्यांनी सैनिकांची तुलना त्याच वयाच्या नागरिकांशी केली, तेव्हा शांततेच्या काळातही बराकींतील मृत्युदर जवळजवळ दुप्पट आढळला.

तरीही अचूक गणित म्हणजे अचूक कारण नव्हे. १८४९ च्या पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथीत लंडनमधील वस्ती थेम्स नदीच्या पातळीपासून जितकी उंच, तितके मृत्यू कमी, असे सूत्र फार यांनी मांडले आणि ते आकड्यांशी विलक्षण जुळले. त्यांनी दोष दिला तो सखल भागातील दूषित हवेला. वास्तविक अनेक सखल वस्त्या घाण झालेले नदीचे पाणी पीत होत्या. १८६६ च्या साथीत मात्र पूर्व लंडनला पाणी पुरवणाऱ्या कंपनीचे क्षेत्र आणि मृत्यूंचे क्षेत्र एकच आहे हे पाहून त्यांनी पाण्याकडे बोट दाखवले. हे धैर्य मला त्यांच्या साऱ्या कोष्टकांहून मोठे वाटते.

आपल्याकडे हेच काम करणाऱ्यांची अडचण आणखी मूलभूत आहे. भारतात २०२० साली नोंदवलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते. उरलेल्यांसाठी घरोघरी जाऊन ताप किती दिवस होता, धाप लागत होती का, दवाखाना किती दूर होता, हे नातेवाइकांना विचारत मृत्यूचे कारण शोधावे लागते.