विल्यम ग्रिंडकॉब

विल्यम ग्रिंडकॉब (मृत्यू १३८१) हा इंग्लंडातल्या सेंट ऑल्बन्स गावचा, १३८१ च्या शेतकरी उठावातला तिथला पुढारी. नाव ग्रिंडेकॉब असंही लिहिलेलं सापडतं. त्याच्याबद्दलची बहुतेक माहिती टॉमस वॉल्सिंगहॅमच्या बखरीतली, आणि हा वॉल्सिंगहॅम त्याच गावच्या मठातला साधू, म्हणजे फिर्यादीच लेखनिक, तेव्हा जरा जपूनच वाचायचं. तो म्हणतो की ग्रिंडकॉब मठातच वाढला, शिकला, साधूंमध्ये त्याचे नातेवाईक होते, आणि आधी साधूंना मारहाण केली म्हणून उघड्या अंगाने प्रायश्चित्तही घेऊन झालं होतं.

उठाव पेटला डोईपट्टीवरून (माणशी बसवलेल्या करावरून), पण इथलं भांडण जुनं आणि जात्याचं होतं. दळण मठाच्याच गिरणीत आणायचं, घरी जातं ठेवायचं नाही असा मठाचा हक्क. १३३० च्या आसपास रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड या मठाधिपतीने (घड्याळवाला म्हणून प्रसिद्ध तो हाच) लोकांची जाती जप्त केली आणि ते दगड मठातल्या बैठकीच्या खोलीत फरशीसारखे बसवले. जून १३८१ मध्ये लोकांनी ते उखडून काढले, फोडले आणि प्रसाद वाटावा तसे तुकडे घरोघर नेले. गंमत म्हणजे उठाववाल्यांतही एक रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड होता, त्याची आणि मठाधिपतीची गल्लत करू नये.

लोकांचं म्हणणं, आठव्या शतकातल्या ऑफा राजाने गावाला सनद दिलेली, सोनेरी-निळ्या अक्षरांची, ती मठाने दडवली. अशी सनद खरंच होती का यावर बराच खल झालाय, बहुतेक अभ्यासक नाही म्हणतात आणि तेच पटतं, कारण मठाधिपती टॉमस द ला मेअरकडून जुनी कागदपत्रं काढून घेऊन बाजारात जाळली, पण ही काही निघाली नाही. १३२७ मध्ये मात्र गावाने मठाकडून खरंच काही हक्क मिळवले होते आणि काही वर्षांतच गमावलेही, त्याचीच आठवण पुढे ऑफाच्या नावावर गेली असावी. ग्रिंडकॉबला 'शेतकरी' पुढारी म्हणावं का हाही वाद त्यातूनच येतो, कारण मागण्या गावकीच्या जास्त दिसतात: दळण, चराई, मासेमारी, शिकार. एक जिवंत ससा पकडून गावच्या खोड्याला बांधला होता, शिकारीचा हक्क आता आमचा म्हणून.

लंडनला जाऊन राजा दुसऱ्या रिचर्डचं, मठाधिपतीला लिहिलेलं पत्र आणणाऱ्यांत ग्रिंडकॉब होता. उठावाचा मुख्य पुढारी वॉट टायलर मारला गेल्यावर वारं फिरलं. ग्रिंडकॉबला हर्टफर्डला कैदेत टाकलं, मग लोकांना समजावून मठाकडून घेतलेल्या सनदा परत करायला लावशील या बोलीवर जामिनावर सोडलं, तर त्याने उलट सांगितलं की माझ्या जिवाची काळजी करू नका, घेतलेलं सोडू नका. भाषणाचे शब्द वॉल्सिंगहॅमने सजवलेले असणार, पण शत्रूने लिहून ठेवलेत म्हणून आशय खरा मानायला हरकत नाही. न्यायाधीश ट्रेझिलियनसमोर खटला चालला आणि जुलैत, बहुधा १५ तारखेला, उठावातला धर्मोपदेशक जॉन बॉल याला मारलं त्याच सुमारास, त्याला फाशी झाली. गावकऱ्यांनी फाशी दिलेल्यांची प्रेतं गुपचूप उतरवून पुरली होती, तर राजाचा हुकूम आला आणि ती सडलेली प्रेतं त्यांच्याच हातांनी पुन्हा साखळ्यांनी टांगायला लावली.