सोरायसिस : आळ आयएल-१२वर, करणी आयएल-२३ची

सोरायसिस हा फार काळ निव्वळ कातडीचा आजार समजला जाई. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला एरवी महिनाभर लागतो. चट्ट्यात तेच काम चार-पाच दिवसांत उरकते आणि खपल्या साचतात. म्हणजे त्वचेच्या पेशी बेफाम वाढतात, त्यांना आवरा, असा सरळ हिशेब होता. पेशींची वाढ रोखणाऱ्या मेथोट्रेक्सेट या औषधाचा गुणही त्याच खात्यावर मांडला गेला.

१९७९मध्ये टी पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, दाबणारे सायक्लोस्पोरिन हे औषध सांध्यांच्या आजारासाठी देऊन पाहिले, तर सोरायसिसही ओसरला. तरी शंका उरलीच. १९९५मध्ये घटसर्पाच्या विषापासून बनवलेले, फक्त चेतलेल्या टी पेशींना मारणारे प्रथिन रुग्णांना दिले गेले. त्वचेच्या पेशींना त्याची झळ नव्हती, पण चट्टे सुधारले. माझ्या मते खरा निकाल इथे लागला.

टी पेशींचे निरोप सायटोकाइन नावाची प्रथिने नेतात. चट्ट्यांत इंटरफेरॉन-गॅमा भरपूर सापडे; ते स्रवायला लावणारे सायटोकाइन आयएल-१२ (इंटरल्यूकिन-१२) म्हणून संशय त्याच्यावर. या रेणूचे दोन भाग, पी४० आणि पी३५. पैकी पी४०ला जखडणारे प्रतिपिंड तयार झाले, तेच उस्टेकिनुमॅब. पण २०००मध्ये कॅलिफोर्नियातल्या डीएनएएक्स संस्थेने आयएल-२३ हे त्याचे भावंड शोधले. त्यात पी४० तोच, जोडीदार मात्र पी१९. २००४मध्ये चट्ट्यांचे तुकडे तपासले, तेव्हा पी४० आणि पी१९ वाढलेले होते, पी३५ नव्हते! पुढच्याच वर्षी टीएच-१७ या टी पेशींच्या वेगळ्या प्रकाराची ओळख पटली. आयएल-२३ यांना पोसते, त्या आयएल-१७ सोडतात, त्याने डिवचलेल्या त्वचेच्या पेशी आणखी पांढऱ्या पेशी बोलावतात आणि चक्र चालूच राहते.

उस्टेकिनुमॅबला अमेरिकेत २००९मध्ये मान्यता मिळाली. नेम आयएल-१२वर धरला होता, लागला आयएल-२३ला. त्यानंतर आयएल-१७ अडवणारे सेक्युकिनुमॅब (२०१५) आणि फक्त पी१९ धरणारे गुसेलकुमॅब (२०१७) आले. दुसऱ्याने आयएल-१२ला हातही लावला नाही, तरी रोग हटला.

आपल्याकडे या फरकाला जास्त मोल आहे. आयएल-१२ आणि इंटरफेरॉन-गॅमा क्षयाच्या जंतूंना रोखून धरतात. टीएनएफ हे दाह वाढवणारे सायटोकाइन अडवणाऱ्या आधीच्या औषधांनी दबलेला क्षय उसळण्याची भीती असते. आयएल-१७ आणि आयएल-२३च्या औषधांत ती बरीच कमी. पहिल्या इंजेक्शनआधी क्षयाची तपासणी मात्र अजूनही करतात.