जुन्या बाइकचं ऑइल: मोनोग्रेड वेगळं, नॉन-डिटर्जंट वेगळं

"जुनी गाडी आहे, सिंगल ग्रेडच टाका. मल्टिग्रेडमध्ये डिटर्जंट असतं, ते आतली घाण सोडवतं आणि इंजिनाची वाट लागते." विंटेज मोटरसायकल घेतली की हा सल्ला मागायच्या आधीच मिळतो. देणारा बहुतेक वेळा अनुभवी असतो आणि त्याच्या बोलण्यात तथ्यही असतं. पण तो दोन वेगळ्या गोष्टींची एकच मोळी बांधतो. डब्यावरचा ५० (एकच आकडा, म्हणजे सिंगल ग्रेड किंवा मोनोग्रेड) किंवा २०डब्ल्यू-५० (दोन आकडे, म्हणजे मल्टिग्रेड: पहिला गार तेलाचा, दुसरा तापलेल्याचा) फक्त तेलाच्या जाडीबद्दल बोलतो. ते तेल काजळी अंगावर वागवतं (डिटर्जंट) की खाली बसू देतं (नॉन-डिटर्जंट), याचा त्या आकड्याशी काडीचा संबंध नाही.

आधी जाडीचं बघू. एसएई ५० (एसएई ही जाडीचे हे आकडे ठरवणारी संस्था) आणि २०डब्ल्यू-५० ही दोन्ही तेलं १०० अंश सेल्सिअसला एकाच पट्ट्यात बसावी लागतात: १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक (हे जाडी मोजायचं एकक). म्हणजे तापलेल्या इंजिनात मल्टिग्रेड पातळ पडतं, ही तक्रार नव्या तेलाच्या बाबतीत टिकत नाही. ५० ते ५०च. खरा फरक इंजिन गार असताना पडतो. ४० अंशांना साधं एसएई ५० बहुधा २०० सेंटिस्टोकच्या वर असतं, तर २०डब्ल्यू-५० दीडशे-पावणेदोनशेच्या आसपास. पारा जसजसा खाली येतो तशी ही तफावत झपाट्याने वाढते.

ड्राय सम्पची गाडी असेल, म्हणजे तेल सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाशी) न ठेवता वेगळ्या टाकीत ठेवलेलं असेल, तर हे डोळ्यांनी बघता येतं. थंडीच्या सकाळी किक मारायची, ऑइल टाकीचं झाकण काढायचं आणि परतीच्या नळीकडे बघायचं. गार एसएई ५० जड लोळासारखं थांबत थांबत पडतं. २०डब्ल्यू-५०ची धार लवकर लागते. तेवढा वेळ रॉकर आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) जुन्या तेलाच्या पातळ थरावर चालत असतात. त्यात प्रेशर गेज असेल तर ते फसवतं. तेल गार आणि जाड असलं की काटा भरभर वर चढतो आणि मालक खूश होतो. प्रत्यक्षात दाब वाढला म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारी झडप) उघडलेला असतो आणि पंपाने ढकललेल्या तेलाचा काही भाग बेअरिंगपर्यंत न जाता मागच्या मागे परततो. दाब भरपूर, पुरवठा बेताचा.

मग जुन्या मॅन्युअलमध्ये मोनोग्रेड का लिहिलंय? कारण तेव्हा मल्टिग्रेड सर्रास मिळत नव्हतं. उन्हाळ्यात ४० किंवा ५०, हिवाळ्यात ३०, अशी हंगामाप्रमाणे तेल बदलायची शिस्त होती. उन्हाळ्याचा तेवढा आकडा पाठ करून बारा महिने ५० घालणारा माणूस मॅन्युअल अर्धंच पाळतो. कंपनीने सांगितलेलं तेच, हा त्याचा दावा म्हणूनच मला पटत नाही.

मोनोग्रेडच्या बाजूने बोलण्यासारखंही आहे. मल्टिग्रेडचं मूळ तेल पातळ असतं. त्यात लांब साखळ्यांचे पॉलिमर घालतात, ते उष्णतेने पसरतात आणि तेलाला पातळ होऊ देत नाहीत. या साखळ्या गिअरच्या दातांमध्ये चिरडून तुटतात आणि ५०चं तेल हळूहळू ४०सारखं वागू लागतं. पण हे मुख्यतः इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तेलावर चालतात तिथे. जुन्या ब्रिटिश गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल वेगळंच असतं, त्यामुळे तिथे हा मार पुष्कळच कमी बसतो. गंमत म्हणजे पॉलिमर तुटण्याची भीती सर्वांत जास्त याच गाड्यांचे मालक घालतात! मोनोग्रेडचा दुसरा फायदा मात्र त्यांना खराच लागू आहे. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली की टाकीतलं तेल झिजलेल्या पंपातून झिरपत क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, उतरतं. नॉर्टन कमांडोवाल्यांना हा छळ चांगला माहीत आहे. जाड तेल उतरायला जास्त वेळ घेतं. अर्थात तो पंपाच्या दुखण्यावर जाडीचा उतारा झाला, पंप काही दुरुस्त झाला नाही.

आता डिटर्जंट. आपण ज्याला सरसकट डिटर्जंट म्हणतो त्यात दोन प्रकारची रसायनं येतात. एक कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमची संयुगं, जी ज्वलनातून आलेलं आम्ल मारतात आणि पिस्टनवर लाखेसारखा थर धरू देत नाहीत. दुसरी डिस्पर्संट, जी काजळीचे बारीक कण एकमेकांना चिकटू न देता तेलात तरंगत ठेवतात. असं तेल लवकर काळं होतं आणि लोक म्हणतात, खराब झालं. खरं तर ते काम करत असतं. नॉन-डिटर्जंट तेल बरेच दिवस स्वच्छ दिसतं, कारण घाण कुठेतरी खाली बसलेली असते.

कुठे बसते? जुन्या ट्रायम्फ किंवा बीएसए ट्विनच्या (दोन सिलिंडरच्या गाडीच्या) क्रँकशाफ्टमध्ये त्यासाठी मुद्दाम जागा केलेली आहे: स्लज ट्रॅप. क्रँकच्या आत बसवलेली पोकळ नळी. क्रँक फिरताना जड कण बाहेरच्या बाजूला फेकले जाऊन तिच्यात साठतात आणि त्यातल्या त्यात स्वच्छ तेल बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँकवरच्या बेअरिंगला) जातं. तेलाच्या वाटेवर बाकी फक्त जाळ्या असतात, त्या धातूचे मोठे तुकडे अडवतील, काजळी नाही. म्हणजे ही रचना घाण खाली बसेल असं धरूनच केली होती. वर्षानुवर्षं ट्रॅप साफ झाला नाही तर आतला ऐवज डांबरासारखा घट्ट होतो आणि एक दिवस तेलाची वाटच बंद होते.

सल्ल्यातली भीती इथली आहे, आणि ती निराधार नाही. घाणीने भरलेल्या इंजिनात एकदम भरपूर डिटर्जंट असलेलं तेल घातलं तर मऊ थर सुटून बारीक वाटांमध्ये अडकू शकतात. माझं मत विचाराल तर अशा गोष्टी सांगितल्या जातात त्यापेक्षा कमी घडतात, कारण ट्रॅपमधला दगड झालेला गाळ ऑइल बदलल्याने सहजी विरघळत नाही. पण ट्रॅप भरलेला असेल तर नॉन-डिटर्जंट घालून तो रिकामा होणार आहे थोडाच? उलट आणखी भरेल.

आता खरी मेख. "मोनोग्रेड घेतलं, म्हणजे नॉन-डिटर्जंट" असं समजून लोक हमखास जो डबा उचलतात तो एसएई ४०चा, डिझेल इंजिनांसाठी बनवलेला. मागे बारीक अक्षरात एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेचा दर्जा, सीएफ किंवा सीडी, लिहिलेला असतो. डिझेलला काजळी जास्त, म्हणून त्यात डिटर्जंट आणि डिस्पर्संट भरपूर असतात. ज्याला टाळायचं होतं तेच आत गेलं, आणि वर गार इंजिनातल्या जाड तेलाचा त्रासही पदरात पडला. खरोखरीचं नॉन-डिटर्जंट हवं असेल तर एपीआय एसए किंवा एसबी शोधावं लागतं. पण एसए १९३० नंतरच्या बहुतेक इंजिनांना योग्य नाही आणि एसबी १९५१ नंतरच्या बहुतेक इंजिनांना नाही, असं खुद्द एपीआयचंच म्हणणं आहे. १९६५ची ट्विन 'जुनी' म्हणून तिला एसबी घालणं म्हणजे तिला आहे त्यापेक्षा म्हातारी ठरवणं.

त्यामुळे जाडीचा प्रश्न हवामानाला आणि मॅन्युअलला विचारावा. डिटर्जंटचा प्रश्न इंजिन उघडून. रॉकरची झाकणं काढा, आतून बोट फिरवा. नुसता तपकिरी डाग असेल आणि धातू गुळगुळीत लागत असेल, तर गाडी आधीपासून डिटर्जंट तेलावरच चाललेली आहे आणि चांगलं मिनरल २०डब्ल्यू-५० बिनधास्त घालता येतं. बोटावर काळा लोण्यासारखा थर आला तर सम्पची प्लेट काढून तळ बघा. तिथेही तेच असेल आणि गाडीचा इतिहास माहीत नसेल, तर क्रँक उघडून ट्रॅप साफ करणं हाच सरळ मार्ग. ते जमेपर्यंत पूर्वीच्याच प्रकारचं तेल ठेवा आणि लवकर लवकर बदला. इंजिन नव्याने बांधलेलं असेल तर नॉन-डिटर्जंट घालायला एकही कारण उरत नाही. कागदी फिल्टर असलेल्या गाडीत, मग तो कारखान्यातून आलेला असो की नंतर बसवलेला, डिटर्जंटच हवं. तरंगती काजळी निदान काही प्रमाणात पकडायला तिथे कोणीतरी आहे.

झिंकबद्दलची ओरडही अर्धी खरी आहे. कॅम आणि टॅपेट वाचवणारं झेडडीडीपी हे झिंकचं संयुग नव्या तेलांत कमी केलं, कारण त्यातल्या फॉस्फरसने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो. पण ती मर्यादा ०डब्ल्यू-२०, १०डब्ल्यू-३० अशा हलक्या ग्रेडना आहे. २०डब्ल्यू-५०ला ती लागू होत नाही.

क्लच इंजिनाच्याच तेलात बुडत असेल तर डब्यावर जासो या जपानी मानकाचा एमए किंवा एमए२ दर्जा बघून घ्या. एमबी नको, त्याने क्लच घसरू शकतो. प्रायमरी केस (क्रँककडून क्लचकडे जाणाऱ्या साखळीची पेटी) वेगळी असेल तर इंजिन ऑइलच्या बाबतीत हा मुद्दाच येत नाही, पण एक अपवाद लक्षात ठेवा: १९७० पासूनच्या ट्रायम्फ ६५० ट्विनमध्ये क्रँककेसचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी वाट) प्रायमरीतून काढलाय, त्यामुळे क्लचलाही इंजिनाचंच तेल मिळतं. टू-स्ट्रोकला यातलं काहीच लागू नाही. आणि रेसिंगमधून आलेली गाडी एरंडेलाच्या तेलावर चाललेली असेल तर मिनरल तेल घालण्याआधी टाकी, नळ्या, सम्प सगळं निपटून काढा. ही दोन तेलं एकमेकांत नीट मिसळत नाहीत.