फोन करण्याआधीच इशारा पोचला

धरमशाळेतल्या दलाई लामांच्या कार्यालयानं एका परदेशी मुत्सद्द्याला भेटीचं निमंत्रण ईमेलनं पाठवलं. मागोमाग शिष्टाचार म्हणून फोन करायचा होता. तो करण्याआधीच त्या मुत्सद्द्याच्या कार्यालयाला चीन सरकारकडून इशारा गेला: ही भेट घेऊ नका.

पाठवणारा आणि घेणारा सोडून ज्याची कुणालाच खबर नव्हती, ते तिसऱ्याला कळलं कसं? दलाई लामांच्या कार्यालयानं बाहेरच्या संशोधकांना बोलावलं आणि आपले संगणक त्यांच्यापुढे उघडे केले. २००८ सालची ही गोष्ट. आपल्या घरात चोर शिरला होता हे परक्यांसमोर कबूल करायला धैर्य लागतं. पुढे जे काही जगाला कळलं, ते या एका निर्णयामुळे कळलं.

केंब्रिज आणि टोरंटो इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी तिथल्या संगणकांमधून ये-जा करणारी माहिती टिपून घेतली. काही संगणक, कुणी काही न सांगता, चीनमधल्या सर्व्हरशी बोलत होते. सुरुवात साध्या ईमेलनं झालेली होती. ओळखीच्या तिबेटी संघटनेच्या नावानं पत्र यायचं, सोबत एक वर्ड फाइल. विषयही वाचणाऱ्याच्या जिव्हाळ्याचा. फाइल उघडली की मजकूर दिसायचा आणि त्याच वेळी एक छोटा प्रोग्राम गुपचूप संगणकात बसायचा. अशी एक फाइल संशोधकांनी ३४ अँटिव्हायरसना दाखवली, तेव्हा फक्त ११ जणांनी ती ओळखली. हेरांनी एक पाऊल पुढेही टाकलं होतं. चोरलेल्या खऱ्या पत्राची जोडफाइल बदलून तिथे विषारी फाइल ठेवायची आणि तेच पत्र पुढे जाऊ द्यायचं. पत्र खरं, पाठवणारा सहकारी खरा. संशय घेणार तरी कशाचा?

मग फायरवॉल, म्हणजे संगणकांच्या जाळ्याच्या वेशीवर राखण करणारी यंत्रणा, काय करत होती, असं कुणीही विचारेल. वाड्याच्या दिंडी दरवाजावरचा पहारेकरी आत शिरणाऱ्याची झडती घेतो, पण घरातला गडी बाहेर निघाला तर त्याला कोण हटकतो? फायरवॉल सहसा याच रीतीनं चालते. म्हणून हा प्रोग्राम बाहेरून कुणी येण्याची वाट बघत नाही. तो आतून स्वतःच मालकाच्या सर्व्हरला हाक मारतो आणि ‘काय करू?’ असं विचारतो. उत्तर येतं: अमुक फाइल पाठव, टाइप होतंय ते नोंदव, मायक्रोफोन सुरू कर. टेबलावरचा संगणक खोलीतलं बोलणं ऐकू लागतो आणि समोर बसलेल्या माणसाला पडद्यावर काहीच वेगळं दिसत नाही.

या गड्याचा माग काढत टोरंटोचा गट थेट हेरांच्या नियंत्रण-पटलापर्यंत पोचला. त्याला पासवर्डच नव्हता! आतल्या यादीत १०३ देशांतले १,२९५ संगणक होते. त्यांतले जवळपास ३० टक्के परराष्ट्र मंत्रालयं, वकिलाती, आंतरराष्ट्रीय संस्था आणि वृत्तसंस्था अशा मोक्याच्या ठिकाणचे. भारताच्या अनेक वकिलातीही त्यात होत्या. एक संगणक सरासरी १४५ दिवस हेरांच्या ताब्यात राहिला होता. मार्च २००९ मध्ये ‘घोस्टनेट’ या नावानं हे सगळं जाहीर झालं.

हे केलं कुणी? इथे दोन्ही गटांचे सूर वेगळे लागले. केंब्रिजच्या संशोधकांनी चीन सरकारच्या हस्तकांकडे सरळ बोट दाखवलं. टोरंटोच्या गटानं म्हटलं की धागे चीनकडे जातात, पण सरकारच यामागे आहे असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही. चीननं आरोप फेटाळला. मला टोरंटोवाल्यांचा संयम मोलाचा वाटतो. चार नियंत्रण सर्व्हरांपैकी तीन चीनमध्ये होते, तर चौथा अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या एका होस्टिंग कंपनीत. समजा, संतापून कुणी ‘आम्हीही त्यांचे सर्व्हर पाडतो’ म्हणत त्या चौथ्यावर तुटून पडलं असतं, तर मार कुणाला बसला असता? जागा भाड्यानं देणाऱ्या एका कंपनीला आणि तिथल्या इतर ग्राहकांना. सायबर हेरगिरीला तडकाफडकी प्रतिहल्ल्यानं उत्तर द्यायला माझा विरोध आहे तो यासाठी.

कायद्याचा आधारही इथे तोकडा पडतो. शांततेच्या काळातल्या हेरगिरीला सरसकट मनाई करणारा आंतरराष्ट्रीय करार नाही, कारण हेर सगळेच देश पाळतात. अमेरिकेनं बरेच उपाय करून पाहिले. २०१४ मध्ये चिनी लष्कराच्या पाच अधिकाऱ्यांवर नावानिशी खटला भरला. २०१५ मध्ये ओबामा आणि शी जिनपिंग यांच्यात समझोता झाला, पण तो व्यापारी गुपितांच्या चोरीपुरता; सरकारी गुपितं त्याबाहेरच राहिली. आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या सुमारे २ कोटी १५ लाख लोकांची, सरकारी नोकरीसाठी झालेल्या चौकशीची माहिती चोरीला गेल्याचं उघड झालं. त्यात ५६ लाख लोकांचे बोटांचे ठसे होते. पासवर्ड बदलता येतो, बोटं कशी बदलणार?

२०२० च्या सोलारविंड्स प्रकरणात त्याच नावाच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या अधिकृत अपडेटमध्येच हेरांचा कोड दडवलेला होता. सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत तो पोचला. पुढच्या वर्षी अमेरिकेनं यासाठी रशियाला जबाबदार धरत दहा रशियन अधिकाऱ्यांची हकालपट्टी केली, निर्बंध लादले. पण मुळात हे बाहेर आलं ते फायरआय या सुरक्षा कंपनीमुळे. तिच्याकडेच चोरी झाली होती. सुरक्षा विकणाऱ्यानं असं कबूल करणं म्हणजे बाजारातली पत पणाला लावणं, तरी तिनं ते जगाला सांगितलं. तेव्हा कुठे बाकीच्यांनी आपापल्या यंत्रणा तपासल्या.

म्हणून मला वाटतं, राष्ट्राच्या उत्तरातली पहिली गोष्ट ‘सांगणं’ ही असावी. हेराची सगळी मिजास गुपितपणावर चालते. त्याची पद्धत जाहीर झाली की ती सगळीकडे निकामी होऊ लागते, त्याला नवी हत्यारं घडवावी लागतात, आणि त्यात पैसा आणि काळ खर्च होतो. विमान पडलं की स्वतंत्र तपास होतो, अहवाल प्रसिद्ध होतो आणि दुसऱ्या कंपनीचा वैमानिकही त्यातून शिकतो. सायबर घटनांसाठी अमेरिकेनं असंच मंडळ नेमलं होतं. मायक्रोसॉफ्टच्या ईमेल सेवेत झालेली घुसखोरी टाळता आली असती, असं त्यानं २०२४ मध्ये स्पष्ट लिहिलं. जानेवारी २०२५ मध्ये नव्या सरकारनं त्याचे सदस्य हटवले, याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्याकडे २०२२ पासून अशी घटना सहा तासांत सर्ट-इन या सरकारी यंत्रणेला कळवावी लागते. नियम चांगला आहे. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्ट-इनला माहितीच्या अधिकारातून वगळण्यात आलं. माहिती आत जाते, बाहेर किती यावी हे सरकार ठरवतं.

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. पुढच्या मार्चमध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी महाराष्ट्र सायबर या राज्याच्याच सायबर तपास यंत्रणेच्या अहवालाचा हवाला देत घातपाताची शक्यता बोलून दाखवली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचं सांगितलं. भारताच्या वीजयंत्रणेत चिनी घुसखोरी झाल्याचा अहवाल देणाऱ्या अमेरिकी कंपनीनंही त्या दिवशीच्या अंधाराशी तिचा संबंध सिद्ध झालेला नसल्याचं म्हटलं होतं. दोन सरकारं, दोन उत्तरं. दोघांचे पुरावे शेजारी ठेवून तपासेल आणि निष्कर्ष लोकांपुढे मांडेल असं स्वतंत्र मंडळ आपल्याकडे तेव्हा नव्हतं, आणि ते उभं करण्याची मागणीही अजून पुरेशा जोरानं होत नाही.