लोकलाज

लोकलाज : चारचौघांत आपले किंवा आपल्या घराचे जे रूप मान्य आहे ते टिकावे, म्हणून खरे मत, खरी आवड वा खरी परिस्थिती झाकून ठेवण्याची वृत्ती. ही वृत्ती आणि तिला भाग पाडणारा समाजाचा दाब या दोन्हींसाठी मराठीत हा एकच शब्द चालतो. जनलज्जा, भीड, आबरू हे त्याचे शेजारी. रोजच्या बोलण्यात मात्र ही संकल्पना बहुधा प्रश्नाच्याच रूपात येते : ‘लोक काय म्हणतील?’ या प्रश्नाला उत्तर कोणी देत नाही. तो विचारला की विषय मिटतो.

ढोंग वेगळे. ढोंगी माणसाला दुसऱ्याकडून काहीतरी उपटायचे असते. लोकलाज बाळगणाऱ्याला हातात आहे ते जाऊ द्यायचे नसते. मराठी म्हणींनी हा फरक नेमका टिपला आहे. ‘खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे’ ही म्हण चिडून बोलली जाते, तर ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही समजुतीने, पुष्कळदा वडीलधाऱ्यांचा सल्ला म्हणूनच. सत्तेच्या धाकाने केलेली लपवाछपवीही यात धरू नये. गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मन्यायालयाच्या, १७३६ च्या आज्ञापत्राने नवख्रिस्ती घरांना अंगणात तुळस लावायला आणि धोतर, चोळी वापरायला मनाई केली, तेव्हा जे लपले ते शिक्षेच्या भयाने. लोकलाजेत शिक्षा देणारा अधिकारी दाखवता येत नाही. तिथे असतात नुसते ‘लोक’, आणि आपणही त्यांच्यातलेच एक असतो.

वाड्यात किंवा चाळीत वाढलेल्यांना एक प्रसंग सांगावा लागणार नाही. बाहेरच्या खोलीत पाहुणे बसलेले. आतला साखरेचा डबा रिकामा. मुलाच्या हातात वाटी देऊन त्याला मागच्या दाराने शेजारी पिटाळले जाते, आणि पुढच्या दाराशी ‘असं कसं, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही’ हा आग्रह चालू राहतो. महिनाअखेर आहे हे शेजारणीला ठाऊक आहे. पाहुण्यांनाही ठाऊक असावे. त्यांच्या घरची वाटीही अशीच फिरलेली असते. म्हणजे फसले कोण? कोणीच नाही. लोकलाज गुपित राखते असा समज आहे, पण बहुतेक वेळा राखण्यासारखे गुपितच शिल्लक नसते. राखायचे असते ते एवढेच, की सर्वांना माहीत असलेली गोष्ट कोणी तोंडाने बोलू नये.

हेच मोठ्या प्रमाणावर पाहायचे तर एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांकडे जावे लागते. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर, म्हणजे १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण लिहिणारे दादोबा, हे तिच्या प्रवर्तकांपैकी एक आणि राम बाळकृष्ण जयकर अध्यक्ष. जातिभेद मोडणे हा सभेचा गाभा होता आणि तो प्रवेशविधीतच होता : नव्या सभासदाने जात न मानण्याची शपथ घ्यायची, ख्रिस्ती बेकरीवाल्याने भाजलेल्या पावाचा तुकडा खायचा आणि मुसलमानाने आणलेले पाणी प्यायचे. हे सारे बंद दाराआड. सभासद पुरेसे वाढले की उघड व्हायचे, असा बेत होता. तोवर सभासद घरी परतल्यावर सोवळ्यात जेवत, सण पाळत आणि जातीच्या पंक्तीला बसत. असे दहा-अकरा वर्षे चालले. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली, नावे फुटली आणि सभा विखुरली. तिच्यातल्याच काही मंडळींनी पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाज काढला, पण या वेळी उघडपणे, आणि पाव-पाण्याची अट वगळून.

सभेवर भित्रेपणाचा शिक्का मारणे सोपे आहे, आणि तो अनेकांनी मारलाही आहे. सभा निघाली त्याच १८४९ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना शाळेच्या पायी वडिलांचे घर सोडावे लागले होते, हे शेजारी ठेवले की तो शिक्का अधिकच गडद वाटतो. पण उघडेपणाची किंमत काय पडते, याचाच तो पुरावाही आहे. सभासदांनी हिशेब चुकीचा मांडला नव्हता. पाव खाल्ल्याने दहा वर्षांत कोणाचे काही बिघडले नाही. बिघडले ते वही बाहेर गेल्यावर.

तीस वर्षांनी पुण्यात तेच पुन्हा घडले, आणि या वेळी वही चोरावीही लागली नाही. १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये शहरातील चाळीस-पन्नास प्रतिष्ठित मंडळी एका कार्यक्रमाला जमली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी भिडेखातर कप हाती घेऊन तसाच खाली ठेवला. हा बेत घडवून आणणारे गोपाळराव जोशी, डॉ. आनंदीबाईंचे पती, यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ या पत्रात छापून आणली. मग ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभे राहिले. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी बसली, प्रायश्चित्ताचा आग्रह सुरू झाला. प्यालेला आणि नुसता कप हाती धरलेला, दोघेही एकाच यादीत. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, तेही स्वतःला पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे, तर अडचणीत आलेल्या मित्रांची घरातली कोंडी सुटावी म्हणून. त्यांच्या चाहत्यांना ते झोंबले. चहाच्या पेल्यातले वादळ हा शब्दप्रयोग या प्रकरणाला अगदी अक्षरशः लागू पडतो, पण दोन वर्षे चाललेल्या वादळाला पेल्यातले म्हणणे जिवावर येते.

रानड्यांच्या आयुष्यात याआधीही असा प्रसंग येऊन गेला होता. १८७३ मध्ये पहिली पत्नी वारली तेव्हा ते विधवाविवाहाच्या चळवळीतले एक प्रमुख नाव होते. विधवेशी लग्न करतील अशी लोकांची अपेक्षा होती. वडिलांच्या हट्टापुढे नमून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. तीच मुलगी पुढे रमाबाई रानडे झाली आणि तिने पुण्यात सेवासदन उभे केले, ही गोष्ट वेगळी. गोपाळ गणेश आगरकरांनी याउलट वाट धरली. १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढताना इष्ट ते बोलेन आणि साध्य ते करीन, असा बाणा त्यांनी जाहीर केला. मनातले सगळे करणे साध्य नसते, हे त्यातच कबूल आहे. पण बोलण्यात हात आखडणार नाही, हेही. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली.

माणसे खरे रूप का झाकतात, याचे उत्तर स्वभावात शोधण्याची रीत आहे. ते बव्हंशी हिशेबात सापडते. गावगाड्यात वाळीत टाकणे म्हणजे नुसते बोलणे बंद करणे नव्हे. न्हावी, धोबी बंद, पाणवठा बंद, भटजी येत नाही, मयताला खांदा मिळत नाही, आणि सर्वांत जड म्हणजे मुलामुलींच्या सोयरिकी अडतात. शिवाय दंड क्वचितच एकट्या ‘गुन्हेगारा’ला होतो. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केले आणि ते मूळ गावी, कोकणातल्या मुरुडला गेले, तेव्हा गावाने ठरवले की सभेत त्यांच्यासोबत कोणी बसायचे नाही, आणि ते घरी उतरले तर घरच्यांवरही बहिष्कार. म्हणजे खरे वागायचे कर्व्यांनी आणि भोगायचे आईने. ‘माझ्यापुरतं मी सोसेन, पण बहिणीचं लग्न व्हायचं आहे’ हे वाक्य आजही घराघरांत ऐकू येते ते याच हिशेबातून.

समाजशास्त्रज्ञांपैकी अर्विंग गॉफमन यांनी या वागण्याकडे रंगभूमीच्या नजरेने पाहिले. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांवर राहून केलेल्या अभ्यासाच्या आधारे त्यांनी १९५६ मध्ये आपले पुस्तक छापले. त्यातले एक निरीक्षण ओळखीचे वाटेल : शेजारी खिडकीतून येणाऱ्याकडे पाहत असतात, वाटेवर त्याचा चेहरा जसा असेल तसा असतो आणि दारापाशी पोचताच त्यावर मिलनसार हसू चढते. हॉटेलातले स्वयंपाकघर आणि जेवणाचे दालन यांमधले दारही ते असेच पाहतात. दाराच्या अलीकडे एक बोली, पलीकडे दुसरी. आपल्याकडची माजघर आणि ओसरी आठवावी. गॉफमन यांच्या मते यात खोटेपणा शोधणे व्यर्थ, कारण पडद्यामागचा माणूसही कोणासाठी तरी वागतच असतो. हे थोडे अती वाटते. ओसरीवर हसून माजघरात रडणाऱ्या बाईला कोणते रूप खरे हे विचारले, तर ती सांगू शकेल.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांचे १९५१ चे प्रयोग साधे होते. दिलेल्या रेषेएवढी रेषा तिघींतून ओळखायची. मात्र आधी बोलणारे सगळे ठरवून चुकीचे उत्तर देत. खऱ्या सहभागींची सुमारे एकतृतीयांश उत्तरे बहुमताप्रमाणे चुकली आणि त्यांच्यातले जवळजवळ चौथाई वगळता बाकीचे, म्हणजे चारांतले तीन जण, एकदा तरी झुकले. रेषा डोळ्यांना स्पष्ट दिसत होती. पण गटात एक जरी माणूस खरे बोलणारा ठेवला, तर झुकणे झपाट्याने कमी होई. उत्तर कागदावर गुपचूप लिहायला सांगितले, तरीही ते कमी होई. अर्थतज्ज्ञ तिमूर कुरान यांनी १९९५ मध्ये हीच गोष्ट राजकारणाला लावली : जो तो आपले खरे मत लपवतो, त्यामुळे प्रत्येकाला वाटते की असे आपण एकटेच. १९८९ मध्ये पूर्व युरोपातील राजवटी काही महिन्यांत कोसळल्या तेव्हा जग चकित झाले, ते यामुळे.

मराठी घरांत लोकलाजेचे सर्वांत महागडे पीक लग्नात येते. मानपान, आहेर, जेवणावळी आणि मांडवात मांडलेले रुखवत : विणकामाचे तोरण, डाळी-तांदळाची नक्षी, लाडवांची ताटे, ‘मुलीने स्वतः केलं’ असे सांगत ठेवलेल्या आणि कित्येकदा बाजारातून आणलेल्या वस्तू. खर्चासाठी घेतलेले कर्ज रुखवतात मांडले जात नाही. एवढ्यावर भागते तोवर ठीक. पण फिट्सचा आजार, मानसिक उपचार, आधी मोडलेले लग्न, मुलाची नोकरी सुटलेली, हेही जेव्हा कांदेपोह्यांच्या बैठकीत गिळले जाते, तेव्हा ती वाटीभर साखर राहत नाही. इथे खरोखर फसणारे कोणीतरी असते आणि ते बहुधा समोर बसलेले दुसरे मूल असते. समलिंगी मुलाचे वा मुलीचे ‘लग्न झालं की सगळं सुरळीत होईल’ म्हणून लावून देणे हाही त्यातलाच प्रकार. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले, पण नात्यागोत्यातल्या चार माणसांना तो निकाल लागू नाही.

लोकलाज सोडणे हाही मराठी परंपरेतला जुना विषय आहे. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला तरी भरल्या बाजारातून जाईन, असे जनाबाई म्हणते. वारीत हे शब्द हजारो लोक गातात. गाऊन घरी आल्यावर पदर पुन्हा डोक्यावर येतो.

बहिष्काराला कायद्याने आळा घालण्याचा प्रयत्न मुंबई राज्याने १९४९ मध्ये केला. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये, दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मप्रमुखांच्या याचिकेवर, रद्द ठरवला. जातपंचायतींच्या जाचाच्या तक्रारी वाढल्यावर महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा संमत केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. कोणाला वाळीत टाकल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. तक्रार पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबीयांना पोलिसांकडे वा दंडाधिकाऱ्यांकडे करता येते. ती अर्थातच नावानिशी लिहून घेतली जाते.