ब्रिटनमध्ये स्वतःचा व्यवसाय: वावर विकायच्या आधी हे वाचा

लातूर, जालना, नांदेडकडे परदेशात धंदा टाकायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: पैसे किती लागतील? ब्रिटनच्या बाबतीत तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, तुमच्या कल्पनेत नवीन काय? कल्पना पक्की व्हायच्या आधी जमिनीचा सौदा करू नका, हे माझं कळकळीचं सांगणं आहे.

ब्रिटनचा 'इनोव्हेटर फाउंडर' व्हिसा 13 एप्रिल 2023 पासून सुरू झाला. आधीच्या व्हिशातली 50 हजार पाउंड भांडवलाची अट यात नाही. त्याऐवजी तिथल्या सरकारने मान्यता दिलेल्या संस्थेचं शिफारसपत्र, म्हणजे एंडोर्समेंट, मिळवावं लागतं. कल्पना नवी आहे का, ती चालेल का आणि धंदा वाढेल का, हे ती संस्था तपासते. लातूरची तूरडाळ लंडनच्या दुकानात ठेवायची, एवढ्यावर हे पत्र मिळणं अवघड. पण डाळीतली भेसळ दुकानातच ओळखणारं यंत्र तुम्ही बनवलं असेल आणि तिथे त्याला गिऱ्हाईक आहे हे दाखवता येत असेल, तर गोष्ट वेगळी. आधीच चालू असलेल्या कुणाच्या धंद्यात भागीदार होऊन मात्र हा व्हिसा मिळत नाही. तपासणीची फी 1,000 पाउंड आहे आणि पत्र मिळाल्यापासून तीन महिन्यांत व्हिशाचा अर्ज करावा लागतो.

वय किमान 18 आणि इंग्रजी बी-2 पातळीचं, म्हणजे कामकाजात सहज बोलता-लिहिता येईल इतकं हवं. स्वतःच्या खर्चासाठी 1,270 पाउंड सलग 28 दिवस खात्यात असले पाहिजेत. मधे एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. बायको-लेकरं सोबत नेणार असाल तर त्यांची रक्कम वेगळी. पासपोर्ट, बँक स्टेटमेंट, शिफारसपत्र आणि मान्यताप्राप्त क्लिनिकमधला क्षयरोग तपासणीचा दाखला लागतो. पैसा कुठून आला हे दाखवायला सातबारा, फेरफार किंवा खरेदीखत जोडणार असाल तर त्यांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या. सातबाऱ्यावर 'बाबुराव' आणि पासपोर्टवर 'बाबूराव' असा फरक असेल, तर तो अर्जाआधीच दुरुस्त करा.

आता आपल्या बाजूचे नियम. एका आर्थिक वर्षात एका माणसाला एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. पॅन लागतोच, आणि अशा गुंतवणुकीसाठी बँक कर्ज देत नाही. गुंतवणुकीची रक्कम वर्षात 10 लाख रुपयांच्या वर गेली की वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आधीच वसूल केलेला कर, कापला जातो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. म्हणून हिशेबात तेवढी रक्कम धरून चाला.

स्वतःच्या परदेशी कंपनीत भांडवल घालायचं तर आधी बँकेमार्फत फॉर्म एफसी भरून रिझर्व्ह बँकेचा यूआयएन, म्हणजे त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक, घ्यायचा, मगच पैसे पाठवायचे. घाईत हा क्रम उलटा झाला की निस्तरायला वेळ जातो, शिवाय फी किंवा दंडही भरावा लागतो. बँकेच्या शाखेत गेल्यावर परकीय चलन पाहणाऱ्या अधिकाऱ्यालाच भेटा. तालुक्याच्या शाखेत हे काम सहसा होत नाही.

व्हिसा तीन वर्षांचा असतो. त्या काळात बाराव्या आणि चोविसाव्या महिन्याच्या सुमारास शिफारस देणारी संस्था प्रगती पाहते, आणि प्रत्येक बैठकीचे 500 पाउंड वेगळे भरावे लागतात.